जयकर मोहित्यांची मूळ ओळ

विट्याच्या मनोलेख केंद्रात सोमवारी सगळ्यात जास्त गर्दी असते. शनिवार-रविवारी घराघरांत भांडणं होतात आणि ती मिटवायला लोक सोमवारी मेलेल्या माणसांकडे येतात. विहिरीकडचा तुकडा कुणाला द्यायचं ठरलं होतं, हे कुणाला विचारायचं असतं. कुणाला आईच्या खर्ड्यात नेमकं काय पडायचं ते हवं असतं. कुणी काहीच विचारत नाही, नुसतं समोर बसून जातं. प्रत्येकाला एक खोली मिळते, खोलीत एक खुर्ची आणि पुरुषभर उंचीची काच. काचेत गेलेला माणूस दिसतो, बोलतो, चिडतो, नाव आठवेना झालं की डोकं खाजवतो. पहिल्या खेपेला लोक रडतात आणि तिसऱ्या खेपेला वाद घालायला लागतात. माणूस कशाला सरावेल, काही सांगता येत नाही बघा.

ईश्वरी मोहिते गुरुवारी आली, तीही भर दुपारी, गावातलं कुणी भेटू नये म्हणून. वय पन्नाशीच्या अलीकडचं, चाल ताठ, आणि आवाज असा की हळू बोलली तरी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जावं. ती कबड्डीची पंच होती. मैदानावर माणसांचा ढीग झालेला असताना कुणाचा पाय रेषेबाहेर गेला हे तिला एका नजरेत दिसायचं. आज मात्र केंद्राचं दार ढकलायचं की ओढायचं, हेच तिला कळेना.

"ढकला हो," आतून आवाज आला. तो डॉ. शर्वरी गद्रे यांचा होता. केंद्र त्याच चालवत. मेंदूच्या शास्त्रज्ञ, बोलायला मोकळ्या, आणि समजावून सांगायची भारी हौस.

"वडलांना भेटायचंय," ईश्वरी म्हणाली. "जयकर मोहिते. गेल्या आषाढात गेले."

"वर्ष होत आलं की. आणि आज पहिल्यांदाच येताय?"

"आमचं बोलणं नव्हतं, मॅडम."

हे प्रकरण सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, फक्त डॉक्टरीणबाई पुण्याच्या, त्यांना कोण सांगणार! जयकर मोहिते म्हणजे नवजवान संघाचे प्रशिक्षक. पोरांना पहाटे उठवून मैदानावर राबवणारा, हरलेल्या संघाला घरापर्यंत पायी नेणारा माणूस. अठरा वर्षांपूर्वी त्यांचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेला. ऐन वेळी एक पंच आजारी पडला. तेव्हा जयकररावच म्हणाले, "लावा की ईश्वरीला. माझी पोरगी असली म्हणून रेषा काय सरकती का?" गुण बरोबरीत, शेवटची चढाई. नवजवानचा गडी एकाला शिवून परत येत होता. झटापटीत त्याचा पाय कडेच्या रेषेबाहेर पडला आणि ईश्वरीनं हात वर केला. गडी बाद. एका गुणानं सामना गेला. जयकरराव बाकावरून उठले, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाय आत होता," आणि चालू लागले. त्यानंतर लेकीशी ते एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला ती आली की उठून आत जायचे. तिच्या लग्नात अक्षता टाकायला चुलता उभा राहिला. तिच्या मुलीचं बारसं झालं, नवऱ्याचं ऑपरेशन झालं, हा माणूस काही आला नाही. आणि तीही कमी नव्हती. एकदा निकाल दिला तो दिला. माफी कशाची मागायची?

"आता काय हवंय तुम्हांला?" डॉ. गद्र्यांनी विचारलं.

"पाय बाहेर होता, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचंय. दुसरं काही नको."

डॉक्टर आपल्या टेबलाशी गेल्या. पडद्यावर एक काळी खिडकी होती, तीत पांढरी अक्षरं. ना चित्र, ना बटण. ईश्वरीला नवल वाटलं. एवढं मोठं केंद्र आणि हे असलं जुनाट?

"जुनाटच आहे," डॉक्टर खुशीत येऊन म्हणाल्या. "माझ्या पणजोबांच्या काळात संगणक कपाटाएवढा असायचा. तो एका खोलीत आणि माणसं दुसऱ्या खोलीत. माणसांपुढे पडदा आणि कळफलक असलेलं एक यंत्र, तारेनं जोडलेलं. त्याला टर्मिनल म्हणायचे. संगणकाला बाहेरचं जग म्हणजे तेवढंच. पुढे ती यंत्रं भंगारात गेली, पण संगणकातले प्रोग्रॅम टर्मिनलशिवाय कुणाशी बोलायला तयार नाहीत! मग लोकांनी टेबलावरच्या संगणकात एक खिडकी उघडली आणि तिला सांगितलं, तू टर्मिनल असल्याचं सोंग घे. आतल्या प्रोग्रॅमला पत्ताही लागला नाही."

"म्हणजे फसवायचं."

"चक्क फसवायचं. अशा सोंगाड्याला आम्ही अनुकारक म्हणतो. आणि तो सुरू करताना एका ओळीत त्याला बजावता येतं. केवढा उघडू, डोक्यावर नाव काय लावू, कुठल्या कप्प्यात उघडू, उघडल्या उघडल्या कुठलं काम घेऊ, काम संपल्यावर मिटू की तसाच थांबू. हे झाले पर्याय. तुम्ही काही बोलला नाहीत, तर तो आपल्या सवयीनं काहीतरी धरून चालतो."

"याचा आमच्या पप्पांशी काय संबंध?"

"तेच तर सांगतेय." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "माणूस जिवंत असताना त्याच्या मेंदूतली सगळी जोडणी आम्ही उतरवून घेतो. तो मनोलेख. पण पहिले मनोलेख चालू केले तेव्हा आम्हां शास्त्रज्ञांची चांगलीच जिरली. काही होईचना. सगळ्या आठवणी जागच्या जागी, पण मन गप्प. मग लक्षात आलं की मन हे त्या कपाटातल्या संगणकासारखं आहे आणि शरीर हे त्याचं टर्मिनल. श्वास लागतोय, पोट भरलंय, पाठीला खुर्ची टोचतेय, हे कळत राहिलं तरच मन जागं होतं. शरीर तर जाळून टाकलेलं. म्हणून आम्ही शरीराचं सोंग घेणारा प्रोग्रॅम केला. देहानुकारक. मनोलेखाला वाटतं, आपण शरीरातच आहोत."

"आणि त्यालाही ओळीत सांगायचं?"

"अगदी! वय किती धरायचं, जाग कुठल्या जागी यावी, उजेड किती, भूक किती. जागा कुठली देऊ? त्यांचं आवडतं ठिकाण?"

"सोपा," ईश्वरी म्हणाली. "घरचा सोपा. दारातनं आत आलं की पहिली खोली. तिथंच बसायचे."

डॉक्टरांनी बाणाची कळ दाबून आधीची ओळ वर आणली, तिच्यात नाव, वय आणि जागा बदलली, आणि एंटर मारलं.

काचेत उजेड आला. सोप्यातला लाकडी बाक दिसला आणि त्यावर पांढऱ्या बनियनमधले जयकर मोहिते. त्यांनी डोळे चोळले, इकडेतिकडे पाहिलं. मनोलेख द्यायला ते स्वतःच आले होते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. मग त्यांना लेक दिसली.

"ईश्वरे?" ते म्हणाले. "अगं, ये की. पाहुण्यासारखी उभी काय राहिलीस?"

ईश्वरी काचेपर्यंत गेली.

"किती वाळलीस गं. नवरा जेवायला घालतो का न्हाई?"

"पप्पा," ती कशीबशी म्हणाली, "तो पाय..."

"कुठला? आं, तो होय!" जयकरराव चक्क हसले. "बाहेरच होता की. चांगला चार बोटं. मला बाकावरनं दिसला होता."

"मग असं का बोललात तेव्हा?"

"काय झालं होतं कुणाला ठावं. डोस्कं फिरलं होतं. आणि एकदा चारचौघांत बोलून बसलो, मग माघारी कसं फिरायचं? तू दारात यायचीस आणि मला लाज वाटायची, म्हणून उठून आत जायचो." त्यांनी तळहातानं डोळे पुसले. "तुझा निकाल बरोबर होता, पोरी. मला सांगायला अठरा वर्षं लागली."

ईश्वरी खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. बाहेर आल्यावर तिनं केंद्रात सगळ्यांना पेढे वाटले, बाहेरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी लोकांनासुद्धा. घरी पोचेपर्यंत तिला तीस वर्षांची असल्यासारखं वाटत होतं.

धाकट्या भावाला, सोहमला, तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. सोहम गावीच राहायचा. वडलांचं शेवटपर्यंत सगळं त्यानंच केलं होतं.

"ताई, चेष्टा करतेस का?" तो म्हणाला. "मी आठ दिवसांमागं जाऊन आलो. तुझं नुसतं नाव काढलं तर पप्पा अंगावर धावले."

"अरे, माझ्यासमोर रडले ते!"

"पप्पा? आणि रडले?"

सोमवारी दोघं मिळून केंद्रात गेले. ओळ कायमची पक्की होऊन तिच्यावर सरकारी मोहोर लागेपर्यंत मनोलेख भेटी लक्षात ठेवत नाही, प्रत्येक वेळी तो उतरवून घेतल्या दिवसापासून नव्यानं जागा होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे पप्पांना पुन्हा पहिल्यापासून भेटायचं होतं. ईश्वरीला त्याचाही आनंदच होता. या वेळी डॉक्टरांनी सोहमच्या नेहमीच्या भेटीची ओळ काढली.

काचेत तोच सोपा, तोच बाक. जयकरराव मात्र डावा पाय लांब करून बसले होते आणि हात गुडघ्यावर होता. लेक दिसताच त्यांचा चेहरा आवळला.

"हिला कुणी आणलं?"

"पप्पा, मी..."

"पाय आत होता," ते म्हणाले. "मी बाकावर बसून बघितलाय. माझ्या पोरांनी वर्षभर घाम गाळला आणि हिनं एका हातानं सगळं पुसलं. सोहम, हिला बाहेर ने. बाहेर ने म्हणतो ना!"

ईश्वरी स्वतःच बाहेर आली. गुरुवारी जिला पेढा दिला होता त्या बाईनं तिला पाणी दिलं.

डॉक्टरांनी दोन्ही ओळी एकाखाली एक काढून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. काळ्या खिडकीवर काम करणाऱ्या यच्चयावत लोकांना एक खोड असते. ते कधी नवी ओळ लिहीत नाहीत. बाणाची कळ दाबून मागची ओळ वर आणायची, दोन-चार शब्द बदलायचे, की झालं. गुरुवारी ईश्वरीच्या आधी कर्करोगानं गेलेल्या एका आजींना उघडलं होतं आणि त्यांच्या नातवंडांनी सांगितलं होतं की आजीला काही दुखायला नको. म्हणून त्या ओळीच्या शेवटी एक पर्याय जोडलेला होता. ओळ लांब आणि खिडकी अरुंद, शेपूट कडेला गेलं आणि डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं. गुरुवारी जयकरराव उघडले ते असे:

देह --लेख जयकर-मोहिते --वय ७४ --जागा सोपा --वेदना ०

"चूक माझी आहे," डॉ. गद्रे म्हणाल्या. "मी माफी मागते."

"म्हणजे गुरुवारचं ते खोटं होतं?" ईश्वरीनं विचारलं. "ते पप्पा नव्हतेच?"

"तेच होते. लेख तोच, आठवणी त्याच, मी एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. फक्त गुडघा दुखत नव्हता."

"गुडघा?"

"अगं, डावा," सोहम म्हणाला. "खेळताना निखळला होता, तू तेव्हा शिकायला बाहेरगावी, तुला आठवत नसेल. मी पाचवीत असल्यापासनं दुखतोय. त्या सामन्याच्या दिवशी तर टरारून सुजला होता. मी बर्फ घेऊन शेजारी बसलो होतो की."

ईश्वरीला खरोखरच आठवत नव्हतं. त्या दिवशी ती रेषेकडे बघत होती.

"घराचं दार कुणीतरी दिवसरात्र वाजवतंय असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "थांबतच नाही. अशा घरातला माणूस आल्यागेल्याशी कसा बोलेल? सततच्या दुखण्यानं मेंदूचं तसं होतं. आणि आठवण म्हणजे काही फोटो नव्हे, काढला आणि दाखवला असा. मन ती प्रत्येक वेळी नव्यानं वाचतं, आणि वाचताना शरीर शेजारी बसलेलं असतं. दुखत्या शरीरानं तो पाय आत वाचला, बऱ्या शरीरानं बाहेर वाचला."

"मग शरीर-बिरीर काही देऊच नका. नुसतं मन उघडा आणि विचारा त्याला."

"तसं उघडतच नाही, ईश्वरीताई. तेच तर पहिल्या दिवशी सांगितलं. कुठलं तरी शरीर द्यावंच लागतं."

"शून्य म्हणजे काहीच नाही ना?"

"शून्य हाही एक गुडघाच झाला. धडधाकट माणसाचा. तुमच्या वडलांकडे तो चाळिशीनंतर कधी नव्हता."

सोहमनं मात्र दुसराच प्रश्न विचारला. "मॅडम, हा शून्य कायमचा ठेवता येतो का?"

ठेवता येत होता. पण फक्त आत्ताच, मोहोर लागण्याआधी. मनोलेखांच्या कायद्यात मोहोरेचं कलम आहे. सुरुवातीच्या काळात लोकांनी म्हाताऱ्यांना गुंगीचे पर्याय देऊन उघडलं आणि जमिनींना होकार वदवून घेतले. कुणी एकाच बापाच्या दोन ओळी ठेवल्या, सणावाराचा वेगळा आणि कोर्टाचा वेगळा. तेव्हा सरकारनं ठरवलं की एका माणसाची एकच ओळ. माणूस गेल्यापासून वर्षाच्या आत ती पक्की करायची, तिच्यावर मोहोर लागते, आणि मग कुणाला, अगदी केंद्रालाही, तिच्यातला पर्याय बदलता येत नाही. हिला मूळ ओळ म्हणतात. मोहोर लागली की मनोलेख भेटी लक्षात ठेवायला लागतो आणि त्याचं पुढचं आयुष्य, त्याला आयुष्य म्हणायचं तर, त्या ओळीवर चालतं. ओळ ठरवायचा हक्क पहिल्या अपत्याचा. खुद्द मनोलेखाला विचारत नाहीत, कारण विचारून पाहिलं तर प्रत्येक जण आपल्याच ओळीच्या बाजूनं बोलतो. सोहमनं तरीही विचारून पाहिलं. दुखऱ्या पप्पांनी त्याला झापलं, "गुडघा माझा हाय, कुणी हात लावायचा नाही." बरे असलेले पप्पा पाय हलवून बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, हे असंच राहू दे, लई बरं वाटतंय."

"विचार कसला करायचा ताई?" केंद्राच्या पायऱ्या उतरताना सोहम म्हणाला. "मी त्यांचं कण्हणं ऐकत मोठा झालोय. पाय चेपता चेपता शिव्या खाल्ल्यात. आता दुखणं जातंय, ते तुला पोटाशी धरतायत, आणखी काय पाहिजे? शून्य लाव आणि मोकळी हो."

"गुडघ्याचं ऑपरेशन होत नव्हतं का रे?"

"होत होतं की. डॉक्टर म्हणत होते, दोन दिवसांत चालायला लागाल. पप्पा म्हणायचे, हा हंगाम होऊ दे. असे किती हंगाम गेले."

सोहमला वाटलं, झालं, ठरलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण ईश्वरी घरी आली आणि तिला संताप आला, असा की हातातलं भांडं तिनं ओट्यावर आदळलं. गुडघा! अठरा वर्षं ती या माणसाशी मनातल्या मनात भांडली होती. हट्टी म्हणाली, अन्यायी म्हणाली, पण लहान कधी म्हणाली नव्हती. पोरांच्या कष्टापायी लेकीवर पाणी सोडणारा बाप, असं ती स्वतःला सांगायची आणि तेवढ्यावर तग धरायची. चुलत्यानं टाकलेल्या अक्षता तिनं त्या जोरावर डोक्यावर घेतल्या होत्या. आणि ते सगळं कशामुळे, तर एका सुजलेल्या सांध्यामुळे? बर्फाचा खडा जरा आधी लागला असता तर पप्पा तिच्या लग्नात नाचले असते? बाप तत्त्वापायी तुटला असं लोकांना सांगता येतं, स्वतःला सांगता येतं. गुडघ्यापायी तुटला हे ती कुठल्या तोंडानं सांगणार होती?

मोहोरेच्या आदल्या दिवशी ती एकटी केंद्रात गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "एकदा शून्यानं उघडा. मला त्यांना सांगायचंय."

जयकररावांनी डोळे चोळले, लेक पाहिली, हाक मारली, ती वाळली म्हणून कळवळले. तो पाय बाहेर होता असं हसत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. शून्य, गुडघा, सोहम, मोहोर, सगळं.

जयकरराव ऐकत होते. मग त्यांनी डावा पाय दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. "तरीच म्हणतो, एवढं हलकं का वाटतंय. मग अडचण काय हाय?"

"मी दुखणं तसंच ठेवणार आहे, पप्पा."

ते तिच्याकडे बघत राहिले. "का गं? माझ्या दुखण्याशी तुझं काय काम?"

"तुम्ही नुसत्या गुडघ्यामुळे माझ्याशी बोलला नाहीत, हे मला सोसत नाही." ती खुर्चीतून उठली. "माझं लग्न तुमच्याविना गेलं, पप्पा. पोरीचं बारसं गेलं. तुम्ही चुकीचे असा, हट्टी असा, चालेल मला. पण ते तुम्ही असायला पाहिजे. गुडघा नको."

डॉ. गद्रे दारात उभ्या होत्या, त्या मान खाली घालून निघून गेल्या.

"बाप चुकला होता हे चालेल, पण बापाला दुखत होतं हे चालायचं न्हाई," जयकरराव म्हणाले. "असंच ना?"

"असंच."

"मग घाल."

"दुखेल तुम्हांला."

"ते मला सांगतीस?" ते हसले, पण हात आपोआप गुडघ्याकडे गेला होता. "पोरी, आत्ता मला कसलाच राग न्हाई, म्हणून हो म्हणतोय. उद्याचा मी तुला हाकलून दील. तरी येत जा."

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. ओळीत वेदनेचा पर्यायच नव्हता. तो नसला की देहानुकारक मनोलेखात सापडेल तेवढं दुखणं लावतो, आणि ते पुरेपूर होतं. सोहमला कळलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. "त्यांना दुखतंय ताई," एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला. मग त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

ईश्वरी दर गुरुवारी जायला लागली. जयकरराव तिला हाकलत. ती म्हणायची, "पाय बाहेर होता, पप्पा." ते ओरडायचे, "आत होता, आत होता," आणि ती घरी यायची. खरं सांगायचं तर तिला बरं वाटायचं. माणसं काय म्हणतील याची पर्वा न करता समोरासमोर भांडण चाललं होतं, आणि भांडणारा बाप होता, भलामोठा, तिच्या तोलाचा.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ते ओरडले नाहीत.

"सोहम येऊन गेला," ते म्हणाले. "म्हणाला, हे दुखणं काढता येत होतं. तू ठेवलंस. खरं हाय?"

"हो."

"सगळे म्हणत होते काढ, तरी ठेवलंस?"

"ठेवलं."

जयकररावांनी लेकीकडे नीट पाहिलं, बहुधा अठरा वर्षांत पहिल्यांदा. "बरं केलंस," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. सोहम मऊ हाय, आईवर गेलाय. तू माझ्यावर गेलीस. बस."

ईश्वरी बसली. हा शून्याचा पप्पा नव्हता. हा तोच होता, ज्याची तिनं एवढी वाट पाहिली होती, आणि तो पूर्ण शुद्धीत, सगळ्या दुखण्यासकट तिला बस म्हणाला होता. तिला हसू फुटलं. तिनं तोंड उघडलं, इतक्यात जयकररावांच्या गुडघ्यातून कळ गेली. त्यांनी बाकाची कड धरली, मान मागं टाकली, कपाळावर घाम आला. तिनं हात पुढे केला तो काचेवर आपटला. ते कण्हत होते. सोहम ज्याबद्दल बोलायचा ते कण्हणं ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि ते थांबेना.

ती धावत डॉक्टरांच्या टेबलापाशी आली. "मॅडम, शून्य लावा! आत्ता लावा. मला नको ते दुखणं, माझं झालं, लावा शून्य!"

डॉ. गद्र्यांनी काळी खिडकी तिच्याकडे वळवली. तिच्यात जयकर मोहित्यांची ओळ होती आणि ओळीपुढे मोहोर.

"आता नाही लागत, ईश्वरीताई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सही केलीत."

खोलीतून हाक आली. "ईश्वरे, कुठं गेलीस? बस म्हटलं ना."

ती परत गेली आणि खुर्चीत बसली.